डावीकडून तिसरी

शेवटी शिवकन्यानं तिन्हींपैकी एकही सॉफ्टवेअर घेतलं नाही, आणि तिच्या घरच्या फोटोत जी बाई बसली ती बसलीच. पण हे घडलंच नाही असं धरून चालू. घरच्यांनी तसं धरलंय, गावानं तसं धरलंय. आपण एकट्यानंच कशाला वाईटपणा घ्यायचा.

तर, शिवकन्याला फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं.

कॅमेरा तिच्याकडं नवीनच आला होता, म्हणजे जुनाच आला होता. सोनपेठच्या बन्सीधर फोटोवाल्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी त्यांनी एक अख्खी लग्नसराई रेटली. पुढच्या सराईत त्यांनी नवरदेव समजून बँडवाल्याचेच फोटो काढले, तेव्हा घरच्यांनी कॅमेरा काढून घेतला. तो शिवकन्यानं विकत घेतला. लॅपटॉप तिच्या भावाचा, आदिनाथचा. त्यानं तो स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासासाठी आणला होता. मग त्याचं लग्न झालं आणि लॅपटॉप मोकळा झाला.

राहिलं सॉफ्टवेअर. थडी सावरगाव हे सोनपेठ तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. इथं बैल घ्यायचा तर दात बघतात, मोटरसायकल घ्यायची तर पांदीतनं एक चक्कर मारून बघतात. सॉफ्टवेअर कसं बघायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळं सल्ले भरपूर मिळाले. एकानं सांगितलं, वजनाला हलकं बघ. दुसऱ्यानं सांगितलं, फुकटचं घेऊ नको, फुकटचं बियाणं उगवत न्हाई. तिसऱ्यानं विचारलं की त्यावर सबसिडी आहे का.

शेवटी तिनं मामेभावाला, हरिओमला, फोन लावला. हरिओमचं परभणीत बॅनरचं दुकान. वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली या तिन्हींना तो एकच पिवळी पार्श्वभूमी वापरतो, आणि आजवर तिघांपैकी कुणाचीच तक्रार आलेली नाही.

"तीन हायेत," हरिओम म्हणाला. "एक भाड्याचं. महिन्याच्या महिन्याला पैसे भर, न्हाईतर बाहेर निघ. दुसरं एकदाच विकत घ्यायचं. तिसरं फुकट."

"फुकटच्यात खोट काय?"

"फुकट हाय हीच. लोकायला सांगता येत न्हाई."

"मंग घेऊ कोणतं?"

"तिन्ही चालवून बघ. पैल्या दोघायला महिनाभर ट्रायल असती. फोटो मातर एकच घे. पोरगी एक आन् बघायला आलेली पोरं तीन, तसं."

हे शिवकन्याला पटलं. आता असा फोटो हवा होता, ज्यात सॉफ्टवेअरचा कस लागेल. थडी सावरगावात कस लागणारा फोटो म्हणजे खांडीचा फोटो.

खांड म्हणजे मोकळी सोडलेली जागा. दिवाळी झाली की गावातली निम्मी माणसं ऊसतोडीला जातात. टोळ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून साखर कारखान्यांकडं निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. पण गाव त्यांच्यासाठी थांबत नाही. मधल्या काळात बारशी होतात, जावळं निघतात, साखरपुडे होतात. त्यांचे फोटो निघतात. जो उसाच्या फडात आहे त्याची त्या फोटोत जागा सोडतात, दोघांच्या मध्ये एक माणूस मावेल एवढी, आणि शेजारचा माणूस हवेच्या खांद्यावर हात टाकून हसतो. मग बन्सीधर त्या खांडीत जुना फोटो चिकटवायचे. आधी कात्री न् डिंकानं, पुढं कॉम्प्युटरवर.

शिवकन्याचे आईबाप, झुंबरबाई आणि व्यंकटी, दरसाल तोडीला जात आले. पोरं आत्याकडं राहून शिकली. घरातल्या भिंतीवर जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत आईबाप हजर आहेत, आणि सगळ्यांत व्यंकटींच्या अंगात तोच एक चौकड्यांचा शर्ट आहे, कारण बन्सीधर यांच्याकडं त्यांचा तेवढा एकच फोटो होता. शिवकन्याच्या जावळाला तोच शर्ट. आदिनाथच्या साखरपुड्याला तोच शर्ट आणि वयही तेच. तिथं बाप लेकापेक्षा फार तर एखाद्या इयत्तेनं पुढं असावा असा दिसतो. याचं कुणाला काही वाटत नाही. उलट पाहुणे म्हणतात, व्यंकटीनं तब्येत चांगली राखली.

म्हणजे एवढ्या वर्षांत त्या घरच्या सगळ्या माणसांचा एका वेळी, एका उन्हात काढलेला एकही फोटो नव्हता. शिवकन्यानं कॅमेरा घेतला तो लग्नाच्या ऑर्डरी धरायला, असं ती सांगायची. खरं तर घेतला होता एवढ्यासाठीच. एक फोटो, ज्यात माय खरी असेल आणि मायेचा हात आपल्या खऱ्या खांद्यावर असेल. हे सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून ती ऑर्डरींचं सांगायची.

पाडवा झाला, टोळी परतली, चार दिवस सगळे नुसते झोपले. मग एका संध्याकाळी, ऊन कलल्यावर, तिनं सगळ्यांना पत्र्याच्या घरापुढं उभं केलं. डावीकडून व्यंकटी, झुंबरबाई, मग आदिनाथची बायको निकिता, शेवटी आदिनाथ. तिनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि खाली घेतला.

"माय, वैनीकडं सरक की. मधी येवढी जागा कामून सोडली?"

"तुझी हाय ती."

"मी हितं हाय की."

"तितं हायस म्हणूनच सोडली."

"हजर माणसाची खांड सोडती व्हय कुणी?" व्यंकटी म्हणाले.

"मंग काय पोरीला सोडून काढायचा? तिचं ती चिटकवील नंतर. तिचा तर धंदाच हाय."

कॅमेऱ्याला टायमर असतो, तो आपोआप फोटो काढतो, मग काढणारीलाही फोटोत येता येतं, हे शिवकन्यानं समजावून सांगितलं. झुंबरबाईनं ते ऐकून घेतलं. "माणसाबिगर निघाला त्याला फोटो म्हणत न्हाईत," ती म्हणाली, आणि डावा हात लांब करून हवेच्या खांद्यावर ठेवला. सवयीनं ठेवला. दुसऱ्या कुणाचा हात असा अधांतरी धरून अवघडला असता.

शिवकन्यानं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईट गेलेली होती. पत्रा तापून तडतडत होता. घरचे कडुलिंबाखाली आडवे झालेले. शिवकन्यानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि भाड्याचं सॉफ्टवेअर उघडलं. त्यात एक सोय होती: नको ती जागा बोटानं आखायची, बटण दाबायचं, की आजूबाजूला काय आहे ते बघून सॉफ्टवेअर ती जागा आपोआप भरून काढतं. तिनं खांड आखली. इथं मागची भिंत यायला हवी, खिडकीचा गज, कोपऱ्यात सोयाबीनच्या पोत्याची कड. भिंत किती साफ येते ते बघायचं, स्वतःला नंतर बसवायचं, असा हिशेब.

पट्टी सरकत गेली. जागा भरली.

बाई आली होती.

शिवकन्याच्याच वयाची. पोपटी साडी, पदर कानामागं. झुंबरबाईचा हात तिच्या खांद्यावर नीट टेकला होता आणि बोटांखाली साडी थोडी चुरगळली होती. ती झुंबरबाईकडं बघत होती.

शिवकन्यानं हरिओमला फोन लावला.

"आजकाल ते कुठूनबी माणसं आणतं," हरिओम म्हणाला. "नमुन्याची बाई असंल. म्याबी वापरतो. मागं एका पॅनलच्या बॅनरला उमेदवार कमी पडले तर दोन नमुन्याचे लावले. एक निवडून आला."

मग तिनं फुकटचं उघडलं. ते बिचारं साधं. त्याला स्वतःची अक्कल नाही. शेजारचा तुकडा उचलायचा आणि मोकळ्या जागेवर ठिगळ लावायचं, एवढंच त्याला येतं. इंटरनेटचा डोंगल काढून तिनं बाजूला ठेवला. भिंतीचा एक तुकडा उचलला आणि खांडीत ठेवला. दुसरा ठेवला. तिसऱ्या तुकड्याला भिंतीच्या चुन्यात पोपटी रंग दिसायला लागला. ती ठिगळं लावत गेली आणि बाई येत गेली, वरून खाली, भिंत रंगवल्यासारखी. या खेपेला ती झुंबरबाईकडं बघत नव्हती. समोर बघत होती.

विकतचं सॉफ्टवेअर तिनं दुसऱ्या दिवसावर टाकलं. भ्याली म्हणून नाही. बॅटरी संपली म्हणून. निदान तिनं स्वतःला तसं बजावलं.

दुसऱ्या दिवशी तिनं खांडीतला अगदी खालचा, चपलेएवढा चौकोन आखला. दोन पावलं आली. अनवाणी, टाचेला भेगा, अंगठ्याला काळी माती. उसाच्या फडातल्या बायांची असतात तशी. मग तिनं सगळी खांड आखली. बाई आली आणि आता ती कॅमेऱ्याकडंही बघत नव्हती. नजर भिंगाच्या किंचित वर होती. कॅमेरा डोळ्याला लावून उभ्या असलेल्या माणसाचं कपाळ जिथं असतं, तिथं.

शिवकन्यानं मूळ फोटो उघडला, ज्याला अजून कुठल्याच सॉफ्टवेअरनं हात लावलेला नव्हता. खांड रिकामी होती. सगळ्यांच्या सावल्या उजवीकडं लांब पडल्या होत्या.

खांडीचीही पडली होती.

ती लॅपटॉप घेऊन कडुलिंबाखाली गेली. झुंबरबाईनं पडद्यावर बोट ठेवून एकेकाला बघितलं. "बरा निघालाय," ती म्हणाली. "आदिनाथचं पोट तेवढं आत सरकव."

"माय, ही कोण?"

"कोण?"

"ही. मधली."

"आपलीच हाय की."

"आपली म्हंजी? नाव काय तिचं?"

"घरच्या माणसाला नाव घिऊन कोण हाका मारतं?" झुंबरबाई म्हणाली आणि कूस बदलली.

निकिता या घरात आल्याला वर्षही झालेलं नव्हतं. ती खरं सांगेल असं शिवकन्याला वाटलं. निकिता चुलीपुढं होती. तिनं पडद्याकडं बघितलं आणि हसली. "ह्या व्हय. मला भाकरी ह्याईनंच शिकवली की."

निकिताला भाकरी शिवकन्यानं शिकवली होती. चांगली शिकवली नव्हती. कडा फाटलेली, मध्ये जाड, एका बाजूला करपलेली अशी भाकरी सबंध गावात दोघींचीच होती. निकितानं तव्यावरची उलटली. भाकरी गोल होती, पातळ होती आणि टम्म फुगली.

त्या संध्याकाळी ताटं मांडली. शिवकन्या नेहमीसारखी माय आणि वैनीच्या मध्ये बसायला गेली.

"तितं न्हाई, ताई," झुंबरबाई म्हणाली. "ती तिची जागा हाय. तुमी हिकडं बसा. तुमाला दुसरं ताट वाढते."

मधलं ताट वाढलेलं होतं. कुणी त्याला हात लावत नव्हतं आणि कुणी त्याच्याकडं बघतही नव्हतं, जसं शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाच्या ताटात कुणी बघत नाही. शिवकन्याचं ताट भिंतीशी, पाटासकट मांडलं गेलं. झुंबरबाई पाहुण्यांशी फार चांगली वागते. आयुष्यात पहिल्यांदा शिवकन्याला तिच्या हातचा पापड न मागता मिळाला.

तिनं पापड खाल्ला. मग म्हणाली, "मी शिवकन्या हाय."

"चांगलं नाव हाय," झुंबरबाई म्हणाली. "पापड घ्या अजून."

दुसरी एखादी असती तर रडली असती, किंवा पोखर्णीला नरसिंहाला नारळ बोलली असती. शिवकन्या चिडली. जन्मापासून ती ज्या जागेची वाट बघत होती, ती कुणी सरक म्हणलं की सोडायला ती काही मुकादमाच्या टोळीत उभी नव्हती. तिनं बादली पालथी घातली, तिच्यावर कॅमेरा ठेवला, टायमर लावून त्याच उन्हात, त्याच भिंतीपुढं स्वतःचा फोटो काढला. स्वतःला कापलं आणि खांडीत, बाईच्या वर, चिकटवलं. तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये चिकटवलं.

विकतच्या सॉफ्टवेअरला चेहरे ओळखता येतात. ते प्रत्येक तोंडाभोवती एक चौकोन काढतं. त्यानं व्यंकटींभोवती चौकोन काढला, झुंबरबाईभोवती काढला, निकिता आणि आदिनाथभोवती काढला. शिवकन्याच्या छातीवर, तिच्या तोंडाच्या थोडं खाली, एक चौकोन काढला. तिथं चेहरा नव्हता. बाई तिच्याहून थोडी बुटकी होती.

तो फोटो तिनं व्यंकटींना दाखवला. बाप तरी.

व्यंकटींनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "ताई, तुमी धंदा नवीन केलाय म्हणून सांगतो," ते म्हणाले. "ह्ये मिक्सिंग लय कच्चं झालंय. मूळचा फोटो गोड होता. आमच्या पोरीवर कुण्या दुसरीला कामून बसवलं?"

"मीच तुमची पोरगी हाय, अण्णा."

व्यंकटींनी मान हलवली. नाही म्हणून नाही, हो म्हणूनही नाही. एसटीत शेजारचा माणूस काही बोलला तर हलवतात तशी.

ती परभणीला गेली. हरिओमनं पेन ड्राइव्ह लावला, फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, नाक पडद्याला लावलं. बाहेर एक आजोबा नातवाच्या वाढदिवसाचं बॅनर न्यायला आले होते. त्यांना त्यानं थांबायला सांगितलं. हरिओम गिऱ्हाइकाला थांबवतो हे फार विरळ.

"हिला जोड न्हाई," तो शेवटी म्हणाला.

"म्हंजी?"

"चिटकवलेल्याला कड असती. कितीबी बारीक कर, असतीच. हिला न्हाई. ही तितंच उभी होती." त्यानं माऊस थोडा सरकवला. "तुला हाय."

"मी चिटकवलीय म्हणून हाय. दादा, तू तरी मला ओळखतोस का न्हाई?"

"ओळखतो की," हरिओम म्हणाला. मग, फार नम्रपणानं, "गाव कोणतं म्हणलं तुमी?"

तिनं त्याला गाव सांगितलं. मग त्याच्या दुकानातला कॅमेऱ्याचा स्टॅण्ड मागून घेतला. अनोळखी बाईला त्यानं तो कसा दिला, हा प्रश्न बरोबर आहे. पण हरिओम तसा देणाऱ्यातलाच.

महिना भरला. भाड्याच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली आणि त्यानं फोटोवर तिरक्या मोठ्या अक्षरांत 'ट्रायल समाप्त' असं छापलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. अक्षरं व्यंकटींच्या तोंडावरून गेली. झुंबरबाईच्या गळ्यावरून गेली. पुढं निकिताच्या हातावरून आणि आदिनाथच्या पोटावरून गेली.

बाईच्या मागून गेली.

शिवकन्यानं ठरल्याप्रमाणं तुलना केली, कारण ठरवलेलं काम ती सोडत नाही. भाड्याचं: रंग चांगले, बाई येते. विकतचं: कडा स्वच्छ, बाई येते. फुकटचं: शिकायला अवघड, बाई येते. तिन्ही काढून टाकली. भिंतीवर मात्र फोटो लागला होता. कुणी छापून आणला ते कुणी सांगेना.

मग ती ग्रामपंचायतीत गेली. ग्रामसेवक भगवानराव पंख्याखाली बसून गावठाणाचा नकाशा बघत होते.

"साहेब, माझ्या जागेवर एका बाईनं अतिक्रमण केलंय."

"जागा कुठं हाय?"

"फोटोत."

भगवानराव हसले नाहीत. त्यांच्याकडं याहून अवघड अर्ज आलेले आहेत. "नमुना आठचा उतारा हाय का त्या जागेचा?"

"फोटोतल्या जागेला कुठला नमुना आठ?"

"मंग अवघड हाय." त्यांनी नकाशाची घडी घातली. "ताबा कुणाचा?"

"सध्या तिचा."

"मंग लयच अवघड हाय. कायदा ताबा बघतो, ताई. आधी तितं जाऊन हुबं राहा, ताबा दाखवा, आन् मंग अर्ज द्या."

शिवकन्याला महिन्याभरात मिळालेला हा पहिला कामाचा सल्ला होता.

तिनं घरच्यांना सांगितलं की फोटो बिघडला, परत काढायचाय. फोटोवाल्या ताईंचा शब्द कुणी मोडला नाही. ऊन कलल्यावर सगळे त्याच भिंतीपुढं, त्याच क्रमानं उभे राहिले. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा.

"खांड सोडू नका," ती म्हणाली.

"सोडली कुठं?" झुंबरबाई म्हणाली. तिचा डावा हात लांब होऊन हवेत टेकला होता.

शिवकन्यानं कॅमेरा स्टॅण्डवर कसला. टायमर लावला. तांबडा दिवा लुकलुकायला लागला. ती धावत गेली आणि खांडीत शिरली.

जागा अरुंद होती.

उजवीकडं माय होती. तिच्या अंगाला मशेरीचा आणि उन्हाचा वास होता. हा वास कुठल्याच फोटोत नव्हता. शिवकन्यानं पाय रोवले.

दिवा जोरात लुकलुकायला लागला.

मायेचा हात तिच्या खांद्यावर होता. तिनं मान न वळवता बघितलं. हात खांद्यावर होता, पण टेकला नव्हता. बोटभर वर होता. अवघडलेला नव्हता. कशावर तरी निवांत ठेवलेला होता.

"माय," ती म्हणाली, "हात टेकव."

"टेकलाय की," झुंबरबाई म्हणाली. समोर बघून हसत.

"मी हलणार न्हाई हितून."



कॅमेरा वाजला.

तिनं जाऊन बघितलं. व्यंकटी, झुंबरबाई, बाई, निकिता, आदिनाथ. बाईची नजर भिंगाच्या किंचित वर.

फोटो थोडा हललेला होता.

स्टॅण्डवरच्या कॅमेऱ्याचा फोटो हलत नाही. हातात धरला तरच हलतो.

घरचे आत गेले. शिवकन्या परत खांडीच्या जागी जाऊन उभी राहिली. व्यंकटींनी दारातून विचारलं, ताई, चहा घेणार का. ती म्हणाली, हितंच आणा. झुंबरबाईनं कपबशीतून आणला. घरचे पितळीतून पितात. शिवकन्यानं बशी परत दिली आणि नुसता कप ठेवून घेतला. ती अजून तिथंच उभी आहे. लोक येता-जाता बघतात, आणि नवीन फोटोवाली मेहनती आहे म्हणतात. अर्ज तिनं तिथूनच, कॅमेऱ्याच्या डब्यावर कागद धरून लिहिला.

प्रति,
मा. ग्रामसेवक साहेब,
ग्रामपंचायत थडी सावरगाव, ता. सोनपेठ, जि. परभणी

विषय: राहत्या फोटोतील अतिक्रमण हटवून मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयी अर्ज करते की, अर्जदाराच्या घरच्या फोटोत डावीकडून तिसरी जागा ही अर्जदाराची वडिलोपार्जित असून ती अर्जदाराच्या आईने स्वहस्ते, साक्षीदारांसमक्ष सोडलेली आहे. सदर जागेवर एका अनोळखी महिलेने ताबा केला आहे. आपल्या सूचनेप्रमाणे अर्जदार जागेवर प्रत्यक्ष उभी राहिली असून आजतागायत उभी आहे. सदर महिलेस तोंडी समज दिली, ती सरकत नाही. तिच्या वागणुकीबद्दल तक्रार नाही. काल दुपारी ऊन फार झाले तेव्हा तिने अर्जदाराच्या डोक्यावर पदर धरला होता. परंतु उपकारामुळे जागेवरील हक्क जात नाही, याची नोंद घ्यावी.

तरी साहेबांनी समक्ष स्थळपाहणी करून, सदर महिलेस रीतसर नोटीस बजावून, अर्जदाराच्या आईचा डावा हात बोटभर खाली आणून अर्जदाराच्या खांद्यावर टेकवून देण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.